पीसीआर मशीनला झेंडूचा हार

डीएनए म्हटल्यावर तुम्ही जरा पुढे सरकून बसला असाल. खून, रक्ताचा डाग, कोर्टात रडणारी बाई, खरा बाप कोण. मला माहीत आहे, कारण मी पुण्यात काय करतो हे गावाकडे सांगितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न हाच विचारला, "कोणाचं लफडं पकडलं का रे?" तर आधीच सांगून टाकतो. यात खून नाही. बाप कोण हे सगळ्यांना माहीत आहे, ते विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आटाचक्की चालवतात आणि माझं नाक त्यांच्यासारखंच आहे. प्रेमप्रकरण तरी असेल म्हणून थांबला असाल तर नायिका आहे. पण ती दीड वीत उंच आणि पिवळी आहे, आणि एका टेकडीवर दगडांत राहायची. बघा बुवा, अजून वेळ गेलेली नाही.

एका जुन्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये मी प्रोजेक्टवर लागलो होतो. काम सांगायला सोपं होतं. बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघा असतात ना, मशीनसमोर धरलं की टुक्‌ आवाज येतो आणि पुडा कोणता ते कळतं, तसंच झाडाचं. प्रत्येक झाडाच्या डीएनएमध्ये एक छोटा तुकडा असा असतो, की तो वाचला की झाड कोणतं ते ओळखता येतं. म्हणून त्याला बारकोड म्हणायचं. पान खलात वाटायचं, त्यातून डीएनए काढायचा, पीसीआर नावाच्या मशीनमध्ये त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या, वाचायला बाहेर पाठवायच्या. काही दिवसांनी अक्षरांची एक लांब ओळ मेलवर येते. ती कॉम्प्युटरला दाखवली की तो जगभरच्या ओळींशी ताडून सांगतो, हा अमुक.

आमच्याकडे होतं सूर्यफुलाचं कुळ. हे कुळ म्हणजे प्रचंड गोतावळा आहे. झेंडू त्यातला, शेवंती त्यातली, करडई त्यातली, रस्त्याकडेचं गाजरगवतही त्यातलंच. म्हणजे फोडणीला करडईचं तेल, देवाला शेवंती आणि अंगणात गाजरगवत अशा घरात वाढलेला मी जन्मापासून याच कुळात राहत होतो, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. या कुळाची एक गंमत मला आमच्या लॅबच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात लेन्सखाली दाखवली. आपल्याला जे एक फूल दिसतं ते एक नसतंच. मधल्या पिवळ्या गोलात बारीक बारीक फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात, कडेची प्रत्येक पाकळीही एक वेगळं फूल असतं. पूर्ण मोहल्ला एका फुलाचं सोंग घेऊन उभा.

माझं नेमकं उलटं होतं. मी एकटा, आणि सोंग मोहल्ल्याचं.

नकला ही माझी शाळेपासूनची विद्या. आमच्या हेडमास्तरांची नक्कल मी अशी करायचो की वर्गातली पोरं उभी राहायची. एकदा खुद्द हेडमास्तर दारात येऊन ऐकत उभे होते. आधी त्यांनी कान पिळला, मग म्हणाले, "आता गणिताच्या सरांची कर." गावात मला काही कमी नव्हतं.

पुण्यात आल्यावर कळलं, नकलेला समोरचा माणूस असाच लागतो ज्यानं मूळ माणूस पाहिलाय. आमचे हेडमास्तर इथे कुणी पाहिले होते? मी करायचो आणि लोक म्हणायचे, "छान बोलता हो तुम्ही विदर्भातले." संपलं.

वारज्याला आम्ही तिघांनी फ्लॅट घेतला होता. दोघं आयटीवाले. एक हिंजवडीचा, तो मी दात घासायच्या आत कंपनीची बस पकडायचा आणि मी जेवून भांडी घासल्यावर उगवायचा. दुसरा खराडीचा, तो अमेरिकेच्या घड्याळावर जगायचा. त्याला मी कित्येक महिने फक्त झोपलेला पाहिला. डावा कान त्याचा चांगला ओळखीचा झाला होता, उजवा कसा होता देव जाणे.

मग मी त्यांचे आवाज शिकलो. संध्याकाळी कुकर लावताना स्वतःच्या आवाजात विचारायचो, "भात किती टाकू बे?" आणि हिंजवडीच्या आवाजात उत्तर द्यायचो, "यार, आय ॲम स्टक, चौकातच अर्धा तास झाला, तुम लोग खा लो." खराडीच्या आवाजात जांभई द्यायचो. कधी कधी तिघांचं भांडणही लावून द्यायचो, पंखा कुणी चालू ठेवला यावरून. एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलं. म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुण्यांचा फार राबता आहे हो. आनंद आहे. जरा हळू आनंद करायला सांगा त्यांना."

मी म्हणालो, "सांगतो काकू." आणि वर जाऊन खरंच सांगितलं.

नायिका भेटली ती भाद्रपदात. सह्याद्रीत त्या दिवसांत सोनकी फुलते, सगळे डोंगर पिवळे होतात, तुम्ही फोटो काढले असतील. आम्हाला वेगवेगळ्या ठिकाणची सोनकी हवी होती. मी हिंजवडीवाल्याबरोबर कंपनीच्या बसनं निघालो. गळ्यात आयकार्डाचा पट्टा असला की बसमध्ये कुणी विचारत नाही. माझ्या पट्ट्याला लॅबच्या कपाटाची किल्ली होती, ती शर्टाच्या खिशात घातली. काचेच्या इमारतींपाशी सगळे उतरले, मी त्यांच्या मागची टेकडी चढायला लागलो. अर्धी टेकडी आधीच कापलेली होती, लाल मुरूम उघडा पडलेला, खाली एक जेसीबी.

वर दगडांच्या फटीत चारपाच झाडं होती. लांबून सोनकीच. पण पान हातात घेतलं तर जाड, गुबगुबीत. उलटं केलं तर खाली पांढरी लव. सोनकीचं पान मी तोवर इतकं पाहिलं होतं की डोळे मिटून ओळखलं असतं, आणि हे तसं नव्हतं. मी तिथंच बसलो. या शहरात मला पत्ते लोकांनी दिले, खोली एजंटनं दाखवली, काम मॅडमनी दिलं. ही एकच गोष्ट माझी मला सापडली होती.

खालून जेसीबीवाला ओरडला, "ओ पाव्हणं! काय घावलं का?"

"फूल आहे."

"मंग बिगीनं घ्या. दिवाळीला हितं डोंगुर ऱ्हायचा न्हाय."

नियमाप्रमाणे एक झाड मुळासकट घेतलं, दाबून वाळवायला. एकाची थोडी पानं डीएनएसाठी पिशवीत. बाकीची राहू दिली. कमी असलेलं झाड ओरबाडायचं नाही, हे मॅडमनी पहिल्या दिवशी बजावलं होतं.

मॅडमनी लेन्सखाली बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "असेल."

"असेल म्हणजे वेगळी जात, मॅडम?"

"असेल म्हणजे असेल. बारकोड करा, मग बोलू." मॅडम मला, शिपायाला आणि प्राचार्यांना सारख्याच थंडपणे अहो-जाहो करायच्या. वाळवलेलं झाड त्यांनी जाड कागदावर चिकटवून घेतलं आणि कपाटात ठेवलं. "याला हात लावायचा नाही. हे एकच आहे. पानं पिशवीतली वापरायची."

पण त्यांचं "असेल" म्हणजे इतरांचा बँडबाजा. मी त्याच दिवशी घरी फोन केला. बाबा चक्कीवर होते, मागे पट्ट्याचा आवाज. मी म्हणालो, कदाचित नवी जात असेल, कदाचित. बाबांनी "कदाचित" गाळून रांगेतल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "पोट्ट्यानं पुण्यात नवीन फूल शोधून काढलं!" मागून कुणीतरी विचारलं, "लावते का मग आपल्या वावरात?" त्यानंतर बाबांचा दर फोनला एकच प्रश्न. "काय म्हणते तुझं फूल?"

फूल काही म्हणत नव्हतं. ते जाड पान फार चिवट निघालं. दोनदा खलात वाटून पाहिलं, डीएनए नीट निघालाच नाही. पिशवीत थोडी पानं उरली.

मग दसरा आला. गाड्या फुल होत्या, माझं गावाला जाणं हुकलं. हिंजवडी सोलापूरला गेला, खराडी नाशिकला. त्याला बॅग घेऊन उभा पाहिला तेव्हा केवढा उंच आहे ते कळलं. मॅडमची मुलगी अमेरिकेत, आणि गेले कित्येक दिवस मॅडम व्हिसाबद्दल बोलत होत्या, तेव्हा त्याही गेल्या असं मी धरून चाललो. विचारलं मात्र नाही. फ्लॅटमध्ये सकाळी तिघांचा संवाद सुरू केला, पण सणाच्या दिवशी तो काही रंगेना. काय बोलणार? दोघंही आपापल्या घरी पुरणपोळी खात होते, त्यांच्या आवाजात मी वारज्यात काय बोलू?

लॅबची किल्ली माझ्याकडे होती. रस्त्यावर झेंडूचे ढीगच्या ढीग. रिक्षांना हार, जेसीबीला हार, दुकानांच्या शटरला हार. आमच्याकडे दसऱ्याला चक्की धुऊन पुसून तिला हळदकुंकू आणि झेंडूचा हार घालतात. ज्या यंत्रावर पोट चालतं त्याची पूजा. मी विचार केला, माझं पोट कशावर चालतं? आणि दोन मोठे हार घेतले.

मग मी पूजा केली. साग्रसंगीत. पीसीआरला हार. गरगर फिरवायच्या मशीनला हार. पान वाटायच्या खलबत्त्याला हळदकुंकू, त्यात झेंडूच्या पाकळ्या. नारळ बाहेर पायरीवर फोडला. आणि पूजेला माणसं हवीत म्हणून सगळ्यांना बोलावलं. आमच्या गुरुजींच्या नाकातल्या आवाजात मंत्र म्हटले, जेवढे येत होते तेवढे. बाबांच्या आवाजात म्हटलं, "थो पट्टा नीट पुस बे." आईच्या आवाजात त्यांना गप्प केलं. हिंजवडीच्या आवाजात विचारलं, "गाईज, केक नाही का?" आणि शेवटी मॅडमच्या आवाजात, चांगला घसा फोडून, "हे काय चाललंय? ही प्रयोगशाळा आहे का मंडप आहे? आपण कोण? पुजारी?" रिकाम्या लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांवरून आवाज मस्त घुमला. मीच हसलो. मग हसू संपलं, आणि फक्त फ्रीजची घरघर राहिली.

आता यातली मेख अशी की चक्कीची पूजा झाल्यावर चक्की बंद ठेवायची नसते. घरातला सगळ्यात चांगला गहू मूठभर घ्यायचा आणि मुहूर्त म्हणून दळायचा. माझ्याकडचा सगळ्यात चांगला गहू कोणता, हे सांगायला नको. मी टेकडीवरची पिशवी काढली. उरलेली सगळी पानं घेतली, सणाला काय हात आखडायचा. खलातल्या पाकळ्या झटकल्या, टिश्यूनं पुसला. धुतला नाही, कारण पूजेची वस्तू त्या दिवशी धूत नाहीत. आणि दर वेळी आम्ही एक रिकामी नळी बरोबर चालवतो, तिच्यात पान सोडून बाकी सगळं असतं. तिच्यातून काहीही निघायला नको. निघालं तर समजायचं की कुठूनतरी घाण शिरलीये. त्या दिवशी मी ती नळी ठेवली नाही. आई पूजेत रिकामं भांडं ठेवू देत नाही, दोन दाणे तरी टाकते.

या वेळी डीएनए भरभरून निघाला. मला वाटलं, दसरा पावला.

दिवाळीच्या आधी मेल आला. ओळ कॉम्प्युटरला दाखवली. त्यानं क्षणात उत्तर दिलं, अगदी खात्रीनं, जवळजवळ शंभर टक्के. झेंडू.

मी परत दाखवली. झेंडू. माझी टेकडी, दगडाची फट, पांढरी लव, आणि आत झेंडू. मग मी हळूहळू मागे वळून पाहिलं. मशीनवरचा हार वाळून काळपट झाला होता, अजून तिथंच लटकत होता.

मॅडम त्याच सकाळी रजेवरून परतल्या होत्या, "अमेरिका कशी झाली?" या माझ्या प्रश्नाला नुसतं "हं" म्हणून. त्यांना लगेच दाखवलं, लपवून करणार काय. त्यांनी पडद्यावर पाहिलं. "झेंडू आपण कोणत्या टेकडीवरून आणलात?" त्यांनी हाराकडे पाहिलं, खलाच्या काठावर राहिलेल्या कुंकवाच्या रेघेकडे पाहिलं, नळ्यांच्या यादीवर बोट फिरवलं आणि जिथे रिकाम्या नळीची नोंद असायला हवी तिथे थांबल्या. चष्मा काढला. मी खांदे वर घेऊन उभा राहिलो, आता पडणार म्हणून.

"टेकडीवर जाऊन या," एवढंच म्हणाल्या.

गेलो. बस तीच, पट्टा तोच. टेकडी नव्हती. टेकडी कापलेली नव्हती, नव्हतीच. सपाट लाल जमीन, पत्र्याचं कुंपण, आणि एक भला मोठा बोर्ड, त्यावर पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि हिरवळीत पिवळी फुलं काढलेली. मी जवळ जाऊन पाहिलं, कोणत्या जातीची आहेत. कोणत्याच नव्हती.

परत येऊन सांगितलं. मॅडम "बरं" म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तुम्हाला वाटेल सुटलास. आमच्याकडे चूक झाली की चक्कीच्या आवाजाच्याही वर बाबा जे ओरडायचे ते चौकात ऐकू जायचं, आणि पाच मिनिटांत "चल, चहा घे." इथं नुसती शांतता. फ्लॅटवर गेलो की मी मॅडमच्या आवाजात स्वतःला झाडायचो, पण ते काही लागत नव्हतं.

एक दिवस त्यांनी कपाट उघडलं, तो जाड कागद काढला आणि चिमट्यानं त्या एकुलत्या झाडाचं खालचं एक पान अलगद उचललं. हात लावायचा नाही म्हणून स्वतःच बजावलेलं झाड. "धरा," म्हणाल्या. मी खल धुतला, परत धुतला, भाजला. त्या शेजारी स्टुलावर बसून राहिल्या, नळ्या संपेपर्यंत. रिकामी नळी त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवली.

या वेळी रिकामी नळी रिकामीच निघाली. आणि पान निघालं सोनकीचं. साधी सोनकी, डोंगरभर असते ती. बारकोडला जवळची भावंडं कधी कधी वेगळी ओळखू येत नाहीत, म्हणून मॅडमनी फुलं पुन्हा लेन्सखाली तपासली, एक एक. सोनकीच. उघड्या मुरमात, वाऱ्यात, पाण्यावाचून राहून पानं जाड झाली होती, अंगावर लव आली होती. तिनंही आपली कुणाची तरी नक्कल केली होती म्हणायची.

संध्याकाळी बाबांचा फोन. "काय म्हणते तुझं फूल?"

"सोनकीच निघाली, बाबा. जुनीच."

चक्कीचा पट्टा फिरत राहिला. "सोनकी चांगली असते ना पण?"

"चांगली असते."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. आता बोलायचं आहे. पण मी काय बोलणार ते आपल्याला पाठ आहे असं कळलंय. तर आपणच बोला. माझ्या आवाजात."

मी स्टूल ओढून बसलो.

"दसऱ्याच्या दिवशी कॉलेजच्या वॉचमनचा मला घरी फोन आला. 'मॅडम, लॅब किती वाजता बंद करणार?' मी माझ्या स्वयंपाकघरात उभी आणि तो म्हणतो, आत्ताच तुम्ही आत ओरडत होतात. तेव्हा बोला. माझा घसा वाचेल."

पळायला जागा नव्हती. मी घसा खाकरला आणि सुरू केलं. "हे काय केलंत आपण? ही प्रयोगशाळा आहे का फुलबाजार? ज्या कुळाचा बारकोड काढतोय त्याच कुळाचं फूल मशीनला घालतात? रिकामी नळी ठेवत नाहीत? बेअक्कल!"

"मी बेअक्कल म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या.

"सॉरी. 'डोकं घरी ठेवून येता का?'"

"हं. आणि शेवटी आवाज वर नेऊ नका. मी खाली आणते."

मी खाली आणला. "कोणत्या पुस्तकात लिहिलंय, पूजेचा खल धुवायचा नाही?"

"बरोबर." त्यांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. पुण्यात इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर असं माणूस बसलं होतं ज्याला मूळ आवाज माहीत होता. "झालं तुमचं? आता माझं. हे तुला पाठ नसेल."

तुला म्हणाल्या. मी सावरून बसलो.

"मी अमेरिकेत आहे हे तुला कोणी सांगितलं? विचारलंस मला? तोंड आहे ना, चांगली पाचपन्नास माणसांची तोंडं आहेत तुझ्याकडे, एकातून तरी विचारायचंस! व्हिसा मिळाला नाही मला. घरी होते मी, दसऱ्याला, एकटी, श्रीखंडाचा डबा आणून ठेवलेला. वाटलं, लॅबमधलं कुणीतरी सोनं द्यायला येईल. आणि तू इथं माझा आवाज काढून मलाच बोलावतोस, भिंतींना ऐकवतोस! माझं घर दोन चौक सोडून आहे. ते श्रीखंड मी एकटीनं संपवलं, पित्त झालं मला, त्याचा बारकोड कोण काढणार? हसू नकोस. मी चेष्टा करत नाहीये. पुढच्या दसऱ्याला पूजा करायची तर आधी मला फोन करायचा, मग हार आणायचा. आणि झेंडूचा नाही आणायचा, मूर्खा, निशिगंधाचा आण. तो तरी या कुळातला नाही!"